कोरड्या तोंडाची गोष्ट

(सोलापूर येथे स्त्री मंडळाच्या मासिक सभेत केलेलं भाषण. सभेतली सुरुवातीची प्रार्थना आणि सूचना वगळून देत आहोत.)



मला विषय दिला होता ‘वस्तीवरचं आरोग्यकार्य’. तो फार मोठा आहे आणि त्यातलं पुष्कळसं तुम्ही आपल्या तिमाही पत्रकात वाचताच. आज मी एकाच लहान गोष्टीबद्दल बोलणार आहे. तोंड कोरडं पडणं. आणि माझ्या हातात ही जी शर्टाच्या बटणाएवढी पांढरी चकती आहे ना, तिच्याबद्दल. मागच्या बाकांवर दिसणार नाही. सभा संपल्यावर जवळ येऊन बघा. पण तोंडात टाकू नका, पाचच उरल्या आहेत आणि त्या एकीच्या मालकीच्या आहेत.

ती एक म्हणजे आपल्या पारधी वस्तीवरची मावशी. नाव सांगत नाही, तिनेच तसं सांगितलंय. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी तिच्यासाठी प्रार्थना केली आहे. तिला गालाच्या आतल्या बाजूला कर्करोग झाला होता. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे शेक झाला. वस्तीत त्याला सगळे ‘लाईट’ म्हणतात. गाठ गेली, जखम भरली, डॉक्टर म्हणाले आता तपासणीला येत राहा. आपण मंडळीत उपकारस्तुती केली, आणि मी त्या कामाच्या कागदावर ‘पूर्ण’ असं लिहून टाकलं.

त्यानंतर मावशी उपासनेला यायची, पण पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या आधी हळूच उठून बाहेर जायची. एकदा झालं, दोनदा झालं, मग दर महिन्याला तेच. मी काय केलं असेल? भेटीच्या वहीत लिहिलं, ‘विश्वासात थंडावा. भेट देऊन समजावणे.’ पाळकसाहेबांच्या कानावरही घातलं. हे मी आज तुमच्यासमोर कबूल करते आहे, कारण ती वही अजून माझ्याकडे आहे.

समजावायला म्हणून गेले. दुपारची वेळ, एप्रिलचं ऊन. मावशीच्या मांडीशी पाण्याची बाटली. एक वाक्य बोलायची, घोट घ्यायची, मग दुसरं वाक्य. मी प्रभूच्या मेजाबद्दल बोलायला सुरुवात केली तर तिने मला थांबवलं. म्हणाली, “ताई, त्यो तुकडा टाळ्याला चिकटतो. पाणी नसलं तर गिळत न्हाई. आन् देवाचा तुकडा थुकून कसा टाकू?”

मी गप्प बसले. सात-आठ महिने ही बाई देवाच्या तुकड्याचा अपमान होऊ नये म्हणून बाहेर जात होती, आणि मी वहीत थंडावा लिहीत होते.

सोलापूरच्या सेटलमेंटचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तारेच्या कुंपणात ठेवलं. आपल्या इथल्या सेटलमेंटचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. त्या मिशनने शाळा काढल्या हे खरं, आणि हजेरी घेणाऱ्यांच्या बाजूला आपलीच माणसं होती हेही खरं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. पण वही घेऊन आलेल्या माणसासमोर आपलं दुखणं सांगायचं नाही, ही सवय इतक्या लवकर जात नाही. मावशीने मला सांगितलं नाही यात तिची चूक नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

आता पुढची माझी चूक. तिच्या तोंडाला पाणी सुटावं म्हणून मी तिला लिंबाची फोड चोखायला सांगितलं. आपण सगळे तेच सांगतो ना? दोन दिवसांनी तिची जीभ लालभडक झाली. तोंडात लाळच नसेल तर आंबट पदार्थाची धार बोथट करायला काही नसतं. तो रस सरळ जखमेवर आणि दातांवर बसतो. आंबट गोळ्या, चिंच, लिंबू सरबत, कोकम, हे सगळं अशा माणसाला देऊ नका. माझ्यासारखं करू नका.

मग मी जरा वाचलं, दंतवैद्यांना विचारलं. धर्मज्ञानाच्या पदविकेत आम्हाला ग्रीक शिकवलं होतं, लाळ कुणी शिकवली नव्हती. आपण लाळेला घाण समजतो. पण मार्काच्या ७व्या अध्यायात आणि योहानाच्या ९व्या अध्यायात आपला प्रभू बहिऱ्या-तोतऱ्याला आणि आंधळ्याला बरं करताना थुंकीच वापरतो.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानांपुढे दोन, जबड्याखाली दोन, जिभेखाली दोन अशा मोठ्या ग्रंथी, आणि ओठ-गालांच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक. ही लाळ घास भिजवते, चव जिभेपर्यंत पोचवते, बोलताना जीभ फिरू देते, दातांवरचं आम्ल धुते, बुरशीला आवर घालते. झोपेत ती जवळजवळ थांबते. म्हणून ज्याची लाळ कमी झालेली असते त्याला सगळ्यात वाईट रात्र जाते.

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाला शेक देताना किरणं या ग्रंथींवरूनही जातात. कानापुढच्या ग्रंथी फार नाजूक. पहिल्या आठवड्यातच लाळ कमी व्हायला लागते, दाट आणि चिकट होते. ग्रंथीला बसलेली मात्रा कमी असेल तर वर्ष-दोन वर्षांत बरंच परत येतं, जास्त असेल तर येत नाही. किरणं वळवून ग्रंथी वाचवायची पद्धत आता आहे. तिला आयएमआरटी म्हणतात. ब्रिटनमध्ये जुन्या आणि नव्या पद्धतीची तुलना झाली, तिचा अहवाल २०११ साली आला. वर्षभरानंतर जुन्या पद्धतीच्या १०० पैकी ७४ जणांचं तोंड त्रास होण्याइतकं कोरडं होतं, नव्या पद्धतीच्या ३८ जणांचं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही अशी तुलना झाली, कल तोच दिसला. म्हणून तुमच्या घरात कुणाला शेक सुचवला असेल तर डॉक्टरांना हा एक प्रश्न जरूर विचारा, की लाळेच्या ग्रंथी वाचवता येतील का. विचारल्याने कुणी रागावत नाही. प्रत्येक वेळी ते शक्य नसतं, गाठ कुठे आहे त्यावर आहे.

आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावांची कर्करोग नोंदणी तिथे १९८७ पासून चालते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. फार मोठं काम आहे. पण अशा नोंदणीत रोग कधी सापडला आणि माणूस कधी गेला हे असतं. मधल्या वर्षांत भाकरी गिळता येते का, हे घरी जाऊन आपल्यालाच विचारावं लागतं.

आणि भाकरीचं म्हणाल तर आपलं सोलापूर! कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. लाळ नसलेल्या माणसाला याहून अवघड जेवण देवाने तरी निर्माण केलं नसेल. मावशी कडक भाकरी चुरून ताकात भिजवत होती, तेवढ्यावर दिवस काढत होती. वजन उतरलं होतं.

आता ही चकती. आपल्याच मंडळीतल्या एका भगिनीचा मुलगा अमेरिकेहून येताना दोन डब्या घेऊन आला. कंपनीचं नाव सांगत नाही, मी जाहिरात करायला आलेले नाही. हिच्या एका बाजूला डिंकासारखा थर असतो. ती बाजू हिरडीला किंवा दाढेच्या बाहेरच्या अंगाला लावून बोटाने क्षणभर दाबायची, गालाच्या आत ती तशीच राहते आणि हळूहळू विरघळते. दिवसा बोलताना-खाताना लवकर संपते, झोपेत काही तास टिकते. रात्री दोन लावायच्या, दोन बाजूंना एकेक. गोळी चघळताना झोप लागली तर घशात जायची भीती असते, चिकटलेल्या चकतीत ती कमी.

हिच्यात पाणी नाही, हे नीट लक्षात घ्या. मला आधी वाटलं होतं, स्पंजासारखं आत पाणी भरलं असेल. तसं नाही. हिच्यात दोन मुख्य गोष्टी आहेत. एक वनस्पतीपासून केलेला डिंकासारखा पदार्थ, तो विरघळून तोंडाच्या आतल्या कातडीवर बुळबुळीत थर धरतो. दुसरी झायलिटॉल नावाची साखर, तिची गोडी जाणवली की जिवंत राहिलेल्या ग्रंथी थोडी लाळ सोडतात. ही साखर दात किडवणाऱ्या जंतूंना पचत नाही, म्हणून ती रात्रभर दाताशी राहिली तरी दात किडत नाही. म्हणजे चकती उरलेल्या लाळेला हाक मारते आणि आहे तो ओलावा धरून ठेवते. ग्रंथी पूर्ण मेल्या असतील तर हाकेला ओ द्यायला कुणी नसतं, तेव्हा फक्त बुळबुळीत थराचा काय तो आधार.

मावशीला पहिल्या रात्री ती चिकटलीच नाही. तोंड इतकं कोरडं की चकती सुटून जिभेवर आली. दुसऱ्या रात्री आधी घोटभर पाण्याने हिरडी ओली केली, मग बसली. सकाळी म्हणाली, “एकदाच उठले ताई.” एरवी रात्री सहा-सात वेळा पाण्यासाठी उठायची, आणि तेवढंच पाणी प्यायल्यामुळे पुन्हा बाहेर जायला उठायची. अंधारात, वस्तीवर. एकदा उठणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळलं असेल.

एक इशारा देते, कारण तो डबीवर वाचून मी घाबरले होते. झायलिटॉल कुत्र्यांना विषारी आहे. थोडं पोटात गेलं तरी त्यांची रक्तातली साखर झपाट्याने उतरते. पारधी वस्तीत कुत्रं म्हणजे घरातलं माणूस. म्हणून डबी पत्र्याच्या ट्रंकेत, कुलपात. माणसांना त्याने एवढंच होतं की जास्त खाल्लं तर पोट बिघडतं.

तुम्ही आता म्हणाल, मग आणखी डब्या मागवू या, देणगी आम्ही देतो. दोन भगिनींनी मला आधीच विचारलंय. त्यांचे आभार मानून मी सांगते, थांबा. एका डबीत ४० चकत्या. रात्रीला दोन धरल्या तर डबी २० दिवसांत संपते. वर्षाला अठरा डब्या, एका माणसाला. आणि पुरावा? कोक्रेन नावाची संस्था जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासते. कोरड्या तोंडासाठी वरून लावायच्या-फवारायच्या उपायांचे ३६ अभ्यास त्यांनी २०११ साली तपासले. निष्कर्ष असा की यातला कुठलाही उपाय खात्रीने काम करतो असं ठामपणे म्हणता येत नाही. म्हणजे कुणालाच बरं वाटत नाही असं नाही. कुणाला चकतीने बरं वाटतं, कुणाला फवाऱ्याने, कुणाला नुसत्या पाण्याने. मावशीला चकतीने वाटलं. वस्तीवरच्या दुसऱ्या एका काकांना मी दोन रात्री दिली, त्यांनी तिसऱ्या दिवशी परत केली. गोड वाटतं म्हणाले, आणि तोंडात काहीतरी अडकल्यासारखं. तोंड पुरतं उघडत नाही त्यांचं, गुटख्याने आतली कातडी आवळली आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे मी त्यांना सांगितलं तर ते हसले.

गोळीही आहे एक, पायलोकार्पिन. ब्राझीलमधल्या जाबोरांदी नावाच्या झुडपाच्या पानातून ती निघते. त्या पानाने लाळ सुटते हे तिथल्या आदिवासींना आधीपासून ठाऊक होतं. त्यांच्या भाषेत त्या नावाचा अर्थच लाळ आणणारं असा सांगतात. युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी १८७५ साली त्यातला अर्क वेगळा केला, आणि शेकानंतरच्या कोरड्या तोंडासाठी अमेरिकेत तिला परवानगी मिळाली १९९४ साली. आदिवासींचं ज्ञान दुकानात यायला एवढा वेळ लागतो. ही गोळी डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्यायची. दमा असेल, काचबिंदूचा काही प्रकार असेल तर चालत नाही. घामही फार सुटतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात आधीच काय कमी घाम असतो!

मग पैसे कुठे लावायचे? माझं मत सांगते. दातांवर. शेक सुरू होण्याआधी प्रत्येक रुग्णाला दंतवैद्याकडे न्यायचं, किडलेले दात तेव्हाच काढायचे किंवा भरायचे. लाळ गेली की दात काही महिन्यांत मुळाशी किडतात. आणि शेक झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर ती जखम न भरण्याचा, हाडच कुजायला लागण्याचा धोका असतो. म्हणून शेक झालेल्या माणसाने कुठल्याही दवाखान्यात, बाजारात बसणाऱ्याकडे तर नाहीच नाही, दात काढून घ्यायचा नाही. आधी सांगायचं की मला शेक झालाय. मावशीला आम्ही हे आधी केलं नाही. तिच्या दोन दाढा आता डुगडुगतात आणि त्या काढायला डॉक्टर कचरतात. गाडीभाडं आणि दंतवैद्याची फी, यासाठी पैसे हवेत. अमेरिकेच्या डबीसाठी नकोत.

बाकीचं घरातच आहे. पाण्याचे लहान घोट, सारखे. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या, गिळायचं नाही. मिश्री बंद, फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश. ओठांना तूप. हुलग्याचं माडगं, ज्वारीच्या मऊ कण्या, वरणात बुडवलेली ताजी भाकरी. चटणी हवीच असेल तर तिखट न घालता कूट करून दह्यात कालवा. उशाशी ओलं फडकं किंवा खिडकीला ओलं पोतं. जिभेवर पांढरा थर आला, आग व्हायला लागली तर ती बुरशी असू शकते, तेव्हा घरगुती काही न करता डॉक्टरकडे.

आणि हे फक्त कर्करोगाचं नाही. मावशीची गोष्ट मी पाळकसाहेबांना सांगितली. मी वहीत काय लिहिलं होतं तेही सांगितलं. त्यांनी पुढच्या पहिल्या रविवारी भाकरीचा तुकडा द्राक्षारसात बुडवून तिच्या हातावर ठेवला. तिने गिळला. त्याच दिवशी पाळकसाहेबांनी उपासनेनंतर जाहीर केलं की ज्यांना कोरडा तुकडा जात नाही त्यांनी खूण करावी, तसाच देऊ. त्याच्या पुढच्या महिन्यात चार हात वर आले. चारही आपल्याच मंडळीतले, वस्तीवरचे नव्हेत. कुणाला मधुमेह, कुणी झोपेसाठी, मनाच्या आजारासाठी किंवा लघवीच्या त्रासासाठी गोळ्या घेतं, एक आजी सर्दीच्या गोळ्या वर्षभर खात होत्या. पुष्कळ औषधांनी तोंड कोरडं पडतं. एवढं ऐकून घरी जाऊन गोळ्या बंद करू नका हं! डॉक्टरांना विचारा, कधी गोळी बदलता येते, कधी वेळ बदलता येते. त्या चौघांपैकी एक भगिनी वीस वर्षं बाकावर माझ्या शेजारी बसते. रुमालात तुकडा लपवून घरी नेऊन पाण्याबरोबर घ्यायची, असं तिने मला परवा सांगितलं.

लूकच्या १६व्या अध्यायातला श्रीमंत माणूस आठवतो ना? त्या यातनेत तो बाहेर काढा असं म्हणत नाही. लाजराच्या बोटाच्या टोकावरचं पाणी जिभेला लागावं, एवढंच मागतो. मी तो उतारा कितीदा शिकवला असेल. जिभेकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

कार्यकर्त्यांच्या भेटीच्या कागदावर आम्ही आता तीन प्रश्न वाढवले आहेत. कोरडं खाताना पाणी लागतं का? रात्री पाण्यासाठी किती वेळा उठता? बोलताना जीभ चिकटते का? आणि हात धुऊन, परवानगी घेऊन, टॉर्चने तोंडात बघायचं. ‘विश्वासात थंडावा’ असा रकाना मी काढून टाकला आहे.

मावशीच्या उरलेल्या पाच चकत्या तिने मला आज तुम्हाला दाखवण्यापुरत्या दिल्या. रोज लावत नाही ती आता. बाजाराच्या आदल्या रात्री लावते, कारण दुसऱ्या दिवशी खूप बोलावं लागतं. आणि शनिवारी रात्री लावते, रविवारी गाणी म्हणायची असतात. आज शनिवार आहे, त्यामुळे संध्याकाळच्या आत मला या परत नेऊन द्यायच्या आहेत. कुणाला बघायच्या असतील तर आत्ताच या. प्रश्न असतील तर तेही विचारा, मला येतील त्यांची उत्तरं मी देईन, बाकीचे दंतवैद्यांना विचारून पुढच्या सभेत सांगेन.